बंद केलं तरी न जाणारं पान

वनहक्काचा कायदा सरकारनेच केला, सरकारनेच छापला. तरी तो गावांना समजावायला जंगलातल्या मुलचेऱ्याकडे जाताना त्याची प्रत मी पिशवीत कपड्यांच्या तळाशी दडवायची. नाक्यावरचे पोलीस कागद बाहेर काढायचे आणि विचारायचे, "हे कोणी दिलं?" उत्तर काहीही द्या, पुढचा अर्धा दिवस बाकड्यावर.

म्हणून परदेशातल्या मैत्रिणीने दिलेली दोन ई-पुस्तकयंत्रं मी गावात नेली. तिला वाटलं होतं, मी कादंबऱ्या वाचेन. दोन्हींत मराठी अक्षरांचे नुसते चौकोन दिसायचे, म्हणून मी कायद्याच्या पानांचे फोटो भरले.

त्यातलं सोपं कोणतं, ते तलावाच्या बांधावर ठरलं. मी ज्यांच्या घरी उतरायची ते भाऊ मासेमार. तलावातल्या मासळीवर गावाचा हक्क आहे, हे शेजारच्या गावच्या सभेत त्यांनीच वाचून दाखवायचं होतं. माझं बोलणं लोक ऐकतात आणि विसरतात.

पहिलं यंत्र उजेडाचं, काचेवर बोट फिरवून पान उलटायचं. भाऊंचं बोट ओलं. पान हलेचना, आणि हललं तेव्हा भलतीकडेच गेलं. उन्हात काचेत अक्षरांऐवजी चेहरा दिसायचा.

"हा तं आरसा हाय," भाऊ म्हणाले. "दाढी करायले ठेव."

गावात वीज नव्हती, दुपारी ते यंत्र मेलं.

दुसरं करड्या पडद्याचं, कडेला बटणं. ओल्या अंगठ्यानेही नेमकं एकच पान उलटायचं आणि उन्हात कागदासारखं स्वच्छ दिसायचं. भाऊंनी मासळीचं कलम वाचलं, परत वाचलं. तेच न्यायचं ठरलं.

सकाळी मोटरसायकलवर निघालो. भाऊ चालवत होते, मी मागे बसून कलम पुन्हा पाहत होते. नाका दिसला तसं मी यंत्र बंद केलं. पान गेलं नाही. पुन्हा बटण दाबलं. वर ठळक अक्षरांत 'वनहक्क' तसंच. या पडद्यावर शेवटचं पान बंद केल्यावरही राहतं, हे मला तेव्हा कळलं.

"काय आहे हे मॅडम, वायरलेस का?" पोलिसाने यंत्र हातात घेऊन विचारलं.

"पुस्तक आहे."

"बंद करा."

"बंदच आहे."

"बंद हाय तं दिसून काऊन राह्यलं?"

मी पुन्हा बटण दाबून दाखवलं. खरं बोलत होते आणि ते माझं मलाच खोटं वाटत होतं.

भाऊ म्हणाले, "साहेब, सरकारचाच कायदा हाय तो."

"तुले विचारलं का?" मग त्याने यंत्र माझ्या हातात दिलं आणि भाऊंकडे वळला. "गाव कोणतं तुझं? घर कुठी?"

माझं गाव, घर त्याने विचारलं नाही. मी दोन दिवसांनी चंद्रपूरला जाणार होते. भाऊ तिथेच राहणार होते. आणि जंगलातल्या बंदूकवाल्यांच्या कानावर गेलं की भाऊंकडे पोलिसांनी पाहिलेलं यंत्र आहे, तर खबरी समजून तेही घर विचारत येणार.

नाका मागे पडल्यावर भाऊ म्हणाले, "पुढच्या येळी कागदच आणजो, पोरी. कागद चुलीत तरी घालता येते."

सभेत मी यंत्र पुढे केलं. त्यांनी हात लावला नाही. मासळीचं कलम आठवेल तसं, अडखळत सांगितलं. रस्त्यावर गाडीचा आवाज झाला की थांबायचे, सगळी सभाच थांबायची, गाडी पुढे गेली की पुन्हा सुरू. मी पिशवी मांडीखाली दाबून बसले होते. आत ते पान तसंच उघडं होतं.