जीपचा स्टेअरिंग बॉक्स उतरवला तेव्हा

आजोबांची हिरवी जीप अजून चालते का, असं तुम्ही दोघांनी फोनवर विचारलं होतं. मी नुसतं "चालते" म्हणाले. पण ते एका शब्दात आटपण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

ही जीप लष्करातून मोडीत निघाली, तेव्हा तुमच्या पणजोबांनी ती लिलावात घेतली. आपली काजूची बाग सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळावर. तिथे जाणारी वाट अरुंद, एका अंगाला खोल उतार. गुडघे दुखायला लागल्यापासून आजोबांना ती पायी चढवत नाही. जीप नाही तर बाग नाही, असा साधा हिशेब.

गेल्या दिवाळीनंतर बागेतून उतरताना वळणावर त्यांनी स्टेअरिंग फिरवलं आणि जीप सरळच गेली. मग वळली, पण काठावरची करवंदीची जाळी घासून. मी शेजारीच बसले होते. त्यांनी गाडी थांबवली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "गो, ह्या बरा झाला नाय तर गाडी भंगारात. तुका घेवन मी दरीत जावचंय नाय."

रागावून बोलले असते तर मी सोडून दिलं असतं. पण ते ठरवूनच बोलत होते.

स्टेअरिंगच्या लांब दांड्याच्या तळाशी एक लोखंडी डबी असते, तोच स्टेअरिंग बॉक्स. दांड्याच्या टोकाला स्क्रूसारखे जाड आटे आणि त्या आट्यांत फिरणाऱ्या दोन खुंट्या. आपण वर फिरवलं की खुंट्या सरकतात आणि खालची चाकं वळतात. हे सगळं दांड्यासकट गाडीखालून काढावं लागतं. त्यासाठी आजोबांचे एक बालमित्र आले. ते खाडीवरचे तांडेल, स्वतःची बोट असलेले. त्यांनी बोटीचे जॅक आणि साखळ्या आणल्या. पान्याला हात लावण्याआधी जीपपुढे नारळ ठेवून त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरच्या धन्यान म्हातारपणी म्हातारी गाडी उघडूक घेतल्यान हा. ती जंय वळवची थंयच वळांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आजोबा जीपखालूनच म्हणाले.

चाकांना ओढणारा लोखंडी हात गंजून बॉक्सला असा चिकटला होता, की तो सुटेपर्यंत दुपार झाली. सुटलेला प्रत्येक नट मी परातीत ओळीने मांडत होते. माझ्या टापटिपीला तुम्ही हसता, पण आजोबांनी त्या परातीजवळून कोंबडीलाही फिरकू दिलं नाही.

बॉक्स उघडला. आत तेल हवं होतं. होतं ते शिळ्या पिठल्यासारखं घट्ट ग्रीस.

त्यामागचं कारण मला तेव्हा कळलं. काही वर्षांपूर्वी बॉक्समधून तेल गळायला लागलं, तेव्हा तांडेलांनी बोटीच्या पंख्याच्या दांड्याला भरतात ते ग्रीस दिलं आणि आजोबांनी ते ठासून भरलं. या किनाऱ्यावर आम्हाला खाऱ्या हवेचं इतकं भय, की रहाट असो की फाटकाची बिजागरी, फिरेल त्यात ग्रीस कोंबायचं. बोटीत ते बरोबरच, पाणी आत शिरत नाही. पण तेल परत आट्यांवर वाहून येतं, ग्रीस एकदा बाजूला सरलं की तिथेच बसतं. आटे कोरडे फिरत राहिले आणि खुंट्या एका बाजूने झिजून सपाट झाल्या.

"माझ्याकडे कित्याक बगतंस?" तांडेल म्हणाले. "ग्रीस माजां, पण हात तुजो."

"आनी अक्कल खंय होती दोगांची?" आजोबा म्हणाले.

"ती बोटीर ऱ्हवली."

खुंट्या, बेअरिंग आणि तेल अडवणारं ऑइल सील तुमच्या बाबांनी तिकडून शोधून पाठवलं. आधी तेच म्हणत होते, गाडी विका. पार्सल आल्यावर आजोबांनी जे केलं ते मी रोज पडवीत बसून पाहिलं. झाकणाखाली कागदाएवढ्या पातळ चकत्या असतात. एक काढली की दांडा जड, घातली की सैल. ते डोळे मिटून दोन बोटांनी दांडा फिरवायचे, मान हलवायचे आणि सगळं पुन्हा उघडायचे. कंटाळा नाही, चिडचिड नाही. या माणसाबरोबर मी इतकी वर्षं संसार केला, तरी त्यांच्या बोटांचं हे ऐकणं मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

"आवळ रे अजून," तांडेल म्हणायचे.

"आवळलंय तर आता बरा वाटतला. पण त्या वळणार अडाकतला."

शेवटी तेल भरलं आणि खाली पुठ्ठा अंथरला. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा होता. मला वाटलं, आता आजोबा सड्यावर निघतील. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

"तू चालय. मी चालवलंय तर माजो हात माजीच समजूत घालतलो. तुजो हात खोटा बोलणा नाय. तू नको म्हटलंस तर नको."

मी आपली छोटी गाडी चालवते, जीप तरुणपणी चालवली होती. तांडेल मागे बसले. "वयनी, माका पवता येता, पण पाण्यात," म्हणाले.

चढताना ते वळण आलं. मी स्टेअरिंग फिरवलं, आणि फिरवलं तेवढीच जीप वळली. वळण संपल्यावर हात सैल सोडले, तर स्टेअरिंग आपणहून सरळ झालं. आजोबा समोरच बघत होते, माझ्याकडे नाही.

"काय?"

"अहो, वळली."

वर पोचल्यावर आजोबा काजूच्या मोहोरातून एकटेच फिरून आले. तोवर मी शेजारच्या सीटवर जाऊन बसले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि स्टेअरिंगवर बसले. उतरताना त्या वळणावर करवंदीच्या जाळीला आम्ही शिवलोही नाही.