एकतीस नंबरचं शटर

टेलिफोन एक्सचेंजात नोकरी केलेल्या माणसाकडं किस्से मागावे लागत नाहीत. आठ तास कानाला हेडफोन. साऱ्या गावाची बोलणी आपल्या कानातून ये-जा करणार, थोडी तर कानात राहणारच! घरी चहाला चार माणसं बसली की आमची बायको आधीच दम देते, "ते एकतीस नंबरचं सांगू नका हं, मंग मले झोप येत नाही." ती आज माहेरी गेली आहे. तेव्हा ऐका.

महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं आणि मीही नोकरीत नवाच होतो. आमचा बोर्ड पन्नास भोकांचा. प्रत्येक भोकावर अंगठ्याच्या नखाएवढं पितळी शटर. गावात कुणी टेलिफोनचं हँडल फिरवलं की त्याच्या नंबरचं शटर खटकन पडायचं. आपण भोकात प्लग घालायचा आणि विचारायचं, "नंबर?" झाली नोकरी!

बोर्डाचे मालक म्हणजे आमचे हेड ऑपरेटर गवईबाबू. त्यांची एक शिस्त होती. तार बदलो, टेलिफोन बदलो, एकदा दिलेला नंबर ज्याचा त्याचाच. टेलिफोन लागायच्या आधी महिना महिना त्यांच्या रजिस्टरात नंबरापुढं लाल पेन्सिलीनं 'राखीव' लिहिलेलं असायचं. मग तो नंबर साक्षात मंत्री आला तरी मिळायचा नाही.

*

देऊळघाटकडच्या एका बड्या जमीनदारानं आमच्या गावात कापसाची जिनिंग काढली. त्याला नंबर मिळाला चव्वेचाळीस. तो तणतणत आला.

"मले एक नंबर पायजे!"

"एक नंबर पोलीस ठाण्याचा हाय शेठ," गवईबाबू म्हणाले.

"मंग? मी काय ठाण्यापेक्षा कमी हाय का?"

गवईबाबूंनी रजिस्टरातून मान वर केली नाही. "ठाण्याचाच नंबर पायजे असन तं ठाण्यात जाऊन राहा. सोय चांगली हाय तठी!"

शेठ चव्वेचाळीस घेऊन गेला.

*

एका वैशाखात वीज पडली. बोर्डाच्या मागच्या तारा जळून त्यांचा नुसता गुंता झाला. गवईबाबू नेमके रजेवर. आमचे लाइनमन रहीमभाई, माणूस लाखाचा, पण कामाचा कंटाळा भारी.

"अरे यार, भोक भोक सारखंच," ते म्हणाले. "जी तार हाती येईन ती मोकळ्या भोकात घालू. लाइन चालू झाली का बस!"

मीही मान डोलावली. अक्कल कुठली तेव्हा!

दुसऱ्याच दिवशी एका लग्नघरानं बँडवाल्याचा नंबर मागितला. लागला तो लाकडाच्या वखारीला.

"किती वाजता येता?" लग्नघर.

"कवा उचलायचं ते तुमी सांगा," वखार.

"संध्याकाळी. वाजतगाजत न्यायचं हाय!"

"असं का? म्हातारं माणूस दिसते. मंग अकरा मण तरी लागन."

मी हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिलो. चौथ्या दिवशी त्याच घरचं शटर पडलं. या खेपेला त्यांनी आपण होऊन वखारीचा नंबर मागितला. नवरदेवाचे आजोबा गेले होते. लाकूड अकरा मण लागलं.

रजेवरून आल्यावर गवईबाबूंनी एकेक तार ओढून आपापल्या जागी बसवली. मला म्हणाले, "नंबर म्हंजे चेष्टा वाटली का बे तुले?" माझं हसू तर केव्हाच जिरलं होतं.

*

त्या तारा बसवताना मी पाहिलं, एकतीस नंबरच्या मागं काहीच नव्हतं. तारेचा तुकडासुद्धा नाही. रजिस्टरात 'राखीव', आणि पुढं नावाची जागा कोरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता एकतीसचं शटर पडलं. खटकन!

मी सवयीनं प्लग घातला. "नंबर?" पलीकडं काही नाही. पण 'काही नाही' म्हणजे बंद लाइन असते तसं नव्हे. माळावर उभं राहिलं की कानाला वारा लागतो, तसं. तिसऱ्या दिवशीही तीनला पडलं. चौथ्या दिवशीही.

रहीमभाई म्हणाले, "स्प्रिंग ढिली झाली असन." त्यांनी स्क्रू आवळला. शटर पडलं. मग त्यांनी बारा नंबरचं शटर काढून एकतीसला बसवलं आणि एकतीसचं बाराला. आम्ही दोघं घड्याळाकडं बघत उभे. तीन वाजले. पडलं ते एकतीसच!

रहीमभाईंनी पेचकस खिशात घातला. "शटर बदललं बाबू, नंबर नाही बदलला," असं म्हणून ते बाहेर जाऊन बसले. त्या दिवसापासून ते तीनच्या आसपास आत यायचे नाहीत.

*

शेवटी मी गवईबाबूंना विचारलंच. "एकतीस कोणाचा हाय?"

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "माह्या घरचा."

गवईबाबूंचं घर उंद्रीकडं, सडकेपासून आत मळ्यात. आठवडाभर ते इथं खोली घेऊन राहत, शनिवारी एस.टी.नं घरी जात. घरी फोन मंजूर झाला, आणि त्यांच्या बायकोला, शांताबाईंना, आनंद मावेना. गवईबाबूंनी एक मोडका रिसीव्हर नेऊन दिला होता. तो कानाला लावून त्या सराव करायच्या, "अवो, आयकता का? जेवले का?" हॅलो म्हणायला त्यांना लाज वाटायची.

"म्हणे, दुपारी तीनले गोठ्यातलं आटपलं का मी लावीन," गवईबाबू सांगत होते. "सडकेपासून आमच्या दारापावतर चाळीस खांब लागणार होते. रोज उंबऱ्यात बसून मोजे. आज अठरा झाले, आज बावीस झाले. बावीसवर नाल्यापाशी खांबच संपले. नवे येता येता पावसाळा लागला, आन् तिले ताप आला. पाच दिवसांत गेली."

त्यांनी चष्मा पुसला.

"नंबर मीच दिला होता. आता मीच कसा काढू, सांग बरं?"

*

मग आले पुण्याकडचे नवे साहेब. आमची बोली ऐकून ओठ दाबून हसायचे. बोर्डाची एकोणपन्नास भोकं भरलेली आणि एक नुसतंच राखीव, हे पाहून त्यांचा पारा चढला. गावात नवं बाळंतपणाचं इस्पितळ निघालं होतं, त्याचा अर्ज पडून होता.

"गवई, आठ दिवसांत एकतीस नंबर मोकळा करा. नाहीतर मी वर लिहीन!"

"लिहा साहेब," गवईबाबू शांतपणे म्हणाले. "नोकरी गेली तं गेली."

तेवढ्यात तीन वाजले आणि शटर पडलं. "बघू, कुठला खोडसाळपणा आहे!" म्हणत साहेबांनी माझ्या कानावरचा हेडफोन काढून स्वतःला लावला. प्लग घातला. हळूहळू त्यांच्या तोंडावरचा रंग उतरत गेला.

"कोणी बाई आहे," ते म्हणाले. "आकडे मोजते आहे. अडतीस... एकोणचाळीस..."

पाणी मागून ते गटागटा प्यायले. "त्या भोकाला काहीतरी जोडून टाका हो!" एवढंच म्हणाले आणि दुपारच्याच एस.टी.नं निघून गेले. गवईबाबूंनी तो आकडा ऐकला होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळाच्या डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "परवा एक बाई अडली होती. बुलडाण्याहून गाडी मागवायची तर माणूस सायकलवर पाठवावा लागला. गाडी आली, पण उशिरा आली. फोन असता तर..."

त्या गेल्यावर गवईबाबू एकतीसकडं नुसते बघत बसले. मग रहीमभाईंना हाक मारली. "तार घ्या आन् इस्पितळात जा. एकतीसले जोडून द्या." मला फार वाईट वाटलं. रहीमभाई तारेचा बिंडा खांद्यावर टाकून गेले.

तीनला शटर पडलं. मला वाटलं, इस्पितळ लागलं. प्लग घातला, म्हटलं, "नंबर?"

"अवो, आयकता का?" बाईचा आवाज, अगदी जवळून. "चाळीस झाले पाहा."

मी हेडफोन काढून गवईबाबूंपुढं धरला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाशी दाबला. डोळे मिटले.

"हाव," ते म्हणाले. थोड्या वेळानं, "हाव, जेवलो." मग कितीतरी वेळ नुसतं ऐकत राहिले. शेवटी प्लग त्यांनीच काढला, शटर बोटानं वर लावलं आणि रजिस्टर उघडून 'राखीव' खोडलं.

एवढ्यात रहीमभाई घामाघूम होऊन परत आले. बिंडा खांद्यावर तसाच.

"तार कमी पडली बाबू. इस्पितळापावतर पोचलीच नाही. एकतीसले आज काहीच जोडलं नाही."

"उद्या जोडा," गवईबाबू म्हणाले. "आता जोडलं तरी चालते."