बारा बटणांचे अण्णा

लोहाऱ्यात लग्नपत्रिका करणाऱ्या अण्णांच्या हातात जो माऊस होता, तसला तालुक्यात दुसऱ्या कुणाच्या टेबलावर नसेल. लाल-निळा उजेड फेकणारा, अंगठ्यापाशी बारा बटणं असलेला. पोरं बंदुकीचे गेम खेळायला घेतात तो. अण्णा त्यावर लग्नं लावायचे. एक बटण दाबलं की 'चि.' उमटायचं, दुसऱ्यानं 'सौ. कां.', तिसऱ्यानं 'श्री.', चौथ्यानं 'यांचे ज्येष्ठ सुपुत्र'. त्याच दुकानात मी झेरॉक्स मशीन सांभाळायचे आणि रिकामी असले की ती गंमत बघत बसायचे.

गिऱ्हाईक विचारायचं, "अण्णा, ह्याला दिवे कशाला ओ?"

"तुमचे भाऊबंद अंधारात राहू नयेत म्हनून," अण्णा मान वर न करता म्हणायचे.

पत्रिकेत नाव राहिलं की माणूस लग्नाला येऊनही जेवत नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. "गणपती जरा वाकडा छापला तर चालंल, चुलता राहिलेला न्हाय चालायचा," असं ते प्रत्येकाला ऐकवायचे. नावं संपली की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "आता आठवा, अजून कोण रुसंल?" आणि खरंच, सास्तूरची नाहीतर ढोकीची कुणीतरी मावशी आठवायचीच.

माऊस मात्र हौसेचा नव्हता. अण्णांच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून ढिली पडत चालली होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला आणि यावर इलाज नाही म्हणाले. की-बोर्ड झेपेना, तेव्हा पुण्यात नोकरी करणारी त्यांची लेक वैशाली हा माऊस घेऊन आली. रजा काढून शेजारी बसली आणि तिनं एकेक बटण लावून दिलं. अंगठा तेवढा शाबूत होता, त्या अंगठ्यावर दुकान चाललं. मला त्या आजाराचा फार राग यायचा. ज्या माणसानं कधी कुणाचं नाव चुकू दिलं नाही, त्याचाच हात बरा सापडला!

वैशालीचं लग्न ठरलं तोवर आजार छातीपर्यंत पोचला होता. बोलताना धाप लागायची.

"अण्णा, तुम्ही नुसतं सांगा, पत्रिका मी करते," मी म्हटलं.

"न्हाय. पोरीची पत्रिका म्याच करणार."

रोज सकाळी येऊन थोडी थोडी करत होते. झाली तेव्हा मला हाक मारली. पडद्यावर एक नाही, दोन पत्रिका होत्या. एकीत वधूपित्याच्या नावाआधी 'श्री.' होतं. दुसरीत 'कै.'.

"अण्णा, पुसा ते! असलं अभद्र कशाला?" मला रडू आवरेना.

"ऐक," अण्णा दम घेत घेत म्हणाले. "मानूस गेला की घरची लोकं हितं येत्यात, पत्रिका दुरुस्त करायला. नावाम्होरं एवढंच घालायचं असतंय, पन कुनाच्या तोंडातनं निघत न्हाय. लई बघितलंय म्या. माज्या लेकीवर ती पाळी नगं."

पत्रिका छापायला जायच्या आधीच अण्णा गेले. वैशालीच्या आईनं, म्हणजे काकूंनी, आणि व्याह्यांनी लग्नाची तिथी तीच ठेवली. मग एका दुपारी वैशाली आली आणि दुकानाच्या दारातच थांबली. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता.

"बस गं," मी म्हटलं. "काही सांगू नकोस. सगळं करून गेलेत ते."