मांडवात काढलेला कॅलिपर

अंकुशनगरच्या साखर कारखान्यात रखमाजी फिटर होता. त्याची एकुलती लेक शिवकन्या दोन वर्षांची असताना पोलिओनं तिचा डावा पाय गेला. उभं करावं तर गुडघा मुडपायचा. पोरगी रांगतच मोठी झाली.

ती सोळाची झाली तेव्हा रखमाजीनं लोखंडी पट्ट्या ठोकून घरीच पायाला आधार देणारा कॅलिपर करायला घेतला. पहिल्यानं मांडी सोलून निघाली. दुसरा उतारावर दुमडला आणि तिचे पुढचे दोन दात पडले. तिसऱ्याला त्यानं गुडघ्याशी बिजागरी बसवली, वर सरकणारी कडी घातली. कडी खाली सोडली की पाय ताठ, वर ओढली की बसता येई. दीड वर्ष गेलं, पण शिवकन्या चालली. शिवणकाम शिकायला एसटीनं एकटी अंबडला जाऊ लागली.

१९८८ साली जालन्यात अपंगांना फुकट कॅलिपर वाटायचं शिबिर भरलं. अपंगत्वाचा सरकारी दाखला तिथंच मिळणार होता, म्हणून रखमाजी तिला घेऊन गेला. सर्जेराव म्हणून एक संयोजक होता. त्यानं तिच्या पायाकडं पाहिलं.

"ही तर चालून राह्यली! मंग पाहुण्यांनी द्यायचं काय? काढा ते. रांगत येऊ द्या, फोटोवाला थांबलाय."

शिवकन्या बापाकडं बघत राहिली.

"काढ वं माय," रखमाजी म्हणाला. "पाच मिन्टाचं काम हाये. दाखला भेटंल."

ती हलेना, तेव्हा त्यानंच पट्टे सोडले. भरल्या मांडवात वीस वर्षांची पोर रांगत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी नवा कॅलिपर बांधला. तो चार बोटं लांब होता आणि गुडघ्यात वाकतच नव्हता.

रखमाजी जुना घ्यायला वळला, तर तो जागेवर नव्हता. मंठ्याच्या एका म्हाताऱ्याच्या उजव्या पायाला तो बांधला होता, आणि त्याला घेऊन टेम्पो निघूनही गेला होता.

"एकीला दोन कशाला?" सर्जेराव म्हणाला. "आमाला एक कमी पडला होता."

दाखला मात्र मिळाला.

दोन महिन्यांत रखमाजीनं नवा कॅलिपर केला, आधीच्याहून हलका. शिवकन्येनं त्याला हातही लावला नाही.

"बांधून तर बघ."

"तुमी काढला, आबा. आता न्हाई बांधत."

अंबडचा क्लास सुटला. घरी कुणी आलं की ती बापाच्या समोरूनच पाणी घेऊन जाई. आधी तांब्या पुढं सरकवायचा, मग आपण सरकायचं. रखमाजी मान खाली घालून बसे. तो वारला तोवर, नऊ वर्षं, हे असंच चाललं.