शंभर मीटर, मागं न फिरता

आमच्या घराण्यात कामाला निघालेला माणूस मागं फिरत नाही. माझे वडील एकदा बैल विकायला बाजाराला निघाले आणि बैल घरीच राहिला. वेशीत ध्यानात आलं. पण फिरले नाहीत! बाजार हिंडून, जिलेबी खाऊन संध्याकाळीच परत आले.

त्याच रक्ताचा मी. निफाडजवळचं आमचं खेडं, शाळा चौथीपर्यंत. पण गोदावरी या काठावरून त्या काठाला पार करण्यात अख्ख्या तालुक्यात माझा हात धरणारा नाही (पाण्यात धरणार तरी कसा!). आमच्या सुनेनं, मनीषानं, ते हेरलं आणि मोबाईलवरून माझं नाव राज्याच्या मोठ्या माणसांच्या पोहण्याच्या स्पर्धेत घातलं. गट सत्तर ते चौऱ्याहत्तर, शर्यत शंभर मीटर, ठिकाण संभाजीनगर. मी त्याच दिवशी पारावर जाहीर केलं, "सोनं आणणार!" आणि वेशीत माझ्या उघड्या छातीच्या फोटोचा फ्लेक्सही लावून टाकला: सुवर्णपदक मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!

"अवो, आधी पोहून तर या," आमची म्हातारी म्हणाली.

"पोहणं काय, ते झाल्यातच जमा हाय!"

पहाटे नारळ फोडून निघालो. मनीषा गाडी चालवत होती, मागच्या सीटवर म्हातारी आणि भाकरी-ठेच्याचं गाठोडं. शर्यत अकराला. साडेआठलाच संभाजीनगर गाठलं. मनीषा डावीकडं वळायला लागली.

"इकडं कुठं गं?"

"आबा, क्रीडासंकुल इकडं आहे. फोन दाखवतोय."

"फोन पोहलाय का कधी? राज्याची शर्यत, शेपाचशे माणूस, ती काय हौदात घेत्यात? पैठणला चल. धरणावर!"

"अहो, पत्त्यात तलाव लिहिलंय."

"मंग? धरण म्हंजे तलावच की! आन् त्यातलं पाणी कुणाचं? आपलं! नाशकातून सोडलेलं. दर साली तिकडं पाणी सोडायचं म्हटलं की आपल्याकडं बोंब. आज त्याच पाण्यात पोहून सगळं वसूल करतो!"

"अवो, पोरगी म्हणती ते ऐका. मागं फिरा!" म्हातारी ओरडली.

"कामाला निघाल्यावर फिरत नसत्यात!"

गेली गाडी पैठणला. धरणावर एक बगळा होता आणि एक मासे धरणारा.

"दादा, राज्याची पोहण्याची शर्यत कुठं चाललीय?"

त्यानं आधी माझ्या डोक्यावरच्या रबरी टोपीकडं पाहिलं (ती मी घरूनच घालून निघालो होतो, ऐन वेळी घाई नको!). मग म्हणाला, "आजोबा, इथं पोहायला बंदी हाय. पाटी नाय वाचली का?"

पाटी बरोबर माझ्या पाठीमागं होती.

"आता तरी फिरायचं का मागं?" म्हातारीनं विचारलं.

"मागं नाय! पुढच्या रस्त्यानं संभाजीनगरला जायचं!"

पुढचा रस्ता शेवगावला जात होता. मनीषानं मला न विचारता गाडी वळवली. मी डोळे मिटून घेतले. न पाहिलेलं फिरणं फिरण्यात धरत नाहीत.

अकराला पाच कमी असताना पोचलो. भोंग्यावर माझं नाव तिसऱ्यांदा पुकारत होते. मी धोतर सोडतच पळालो (आत चड्डी होती!). तलाव मात्र झकास! निळंशार पाणी आणि भावकीत वाटण्या झाल्यागत मधे दोऱ्यांचे बांध. शिट्टी झाली. बाकीच्या चौघांनी सूर मारले. मी गुडघे पोटाशी धरून विहिरीत मारतात तसा मुटका ठोकला. पंचांचे कागद भिजले! मग पुरात मारतात तसे हात मारले आणि सगळ्यांच्या आधी पलीकडची भिंत धरली. टणकन वर चढून दोन्ही हात उंचावले.

"जिंकलोऽऽ!"

टाळ्या नाहीत. खाली पाहतो तर चौघंही भिंतीला शिवून परत निघालेले!

"आबा, शंभर मीटर! जायचं आणि यायचं!" मनीषा किंचाळली. तिच्या शेजारी म्हातारी पदर खोचून उभी राहिली, "अवो, आता तरी मागं फिराऽऽ!"

आता मला सांगा, नदी ओलांडून पलीकडं गेलेला माणूस लगेच परत येतो का? पलीकडं काम असतं म्हणून तर पोहतो! पण डोळ्यांपुढं वेशीतला फ्लेक्स आला. त्र्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा मागं फिरलो. पुन्हा मुटका! आता या काठाचे पंच भिजले.

पाचवा आलो. पंच टॉवेलनं तोंड पुसत म्हणाले, "आजोबा, तुम्ही पाण्याबाहेर आलात. बाद."

"निम्म्या वाटेपर्यंत पुढं कोण होतं?"

"तुम्हीच. चांगले चार हात पुढं."

"मंग तेवढं लिहून द्या!"

नाही दिलं. म्हणून मीच इथं लिहून ठेवतोय.

फ्लेक्स म्हातारीनं उतरवला आणि खळ्यातल्या कांद्यावर झाकला. अवकाळी बरसला, पण कांदा भिजला नाही. छाती माझीच होती ना वर!

पुढच्या वर्षी मी मुद्दाम पन्नास मीटरला नाव दिलंय. "सरळ जायचं, भिंत धरायची, वर यायचं. फिरायची भानगडच नाय!" मी घरात ऐकवलं.

मनीषा मोबाईलमध्ये पाहत होती. "पण आबा, पुढच्या वर्षी स्पर्धा आहे तो तलावच पंचवीस मीटरचा आहे."

"मंग काय झालं?"

म्हातारीनं कांदे निवडताना मानही वर केली नाही. "मंग काय? फिरा मागं!"