वरातीच्या घोड्यावरून घरी

आमच्या पोलादपूरच्या डोंगरात घरटी एक शिपाई निघतो, पण सगळे पायदळातले. घोड्यावरचा मी एकटा, आणि त्यावर कुणाचा विश्वास बसत नसे. "आता लढाईत रणगाडे असतात, घोडं कशाला?" असं एस. टी. स्टँडवर चहा पिणारा कुणीही मला ऐकवायचा. मी आधी समजावत असे, मग नुसताच चिडत असे. वाळूत जीप रुतते तिथे घोडा जातो, आणि एकाहत्तरच्या लढाईत सरहद्दीवर मी घोड्यावरून गस्त घालत होतो. यात न पटण्यासारखं काय आहे?

त्या गस्तीत तोफेचा गोळा जवळच फुटला. माझ्या मांडीत लोखंड शिरलं, आणि घोडा कोसळला तो माझ्या डाव्या पायावर. मला ओढून काढल्यावर आमच्या तुकडीच्या दफेदाराने घोड्याच्या कपाळात गोळी घातली. त्याचे पुढचे दोन्ही पाय गेले होते, दुसरा इलाज नव्हता. मी रडलो नाही, तेवढी शुद्धच नव्हती. पुढे इस्पितळात चुलते भेटायला आले तेव्हा आईने त्यांच्याकडून विचारलं होतं, ज्या जनावरावर बसला होता त्याला लागलं काय. मी म्हटलं, घोड्याला थोडं लागलंय, बरा आहे. तिला उगाच घोर कशाला?

इस्पितळातून सुटून आलो तेव्हा डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. काठी टेकत सपाटीवर चालायचो, पण आमचं घर कुडपणच्या बाजूला वर पठारावर, आणि तेव्हा तिथे गाडीरस्ता नव्हता. पायवाटेचा उभा चढ. डोंगराच्या पायथ्याशी चुलते चार माणसं, एक बांबू आणि घोंगडी घेऊन उभे होते. डोली आणली होती.

"बस, तासाभरात वर नेतो," चुलते म्हणाले.

"मी डोलीत येणार नाय."

"का? आमच्या खांद्यावर भरवसा नाय काय?"

खांद्यावर होता. पण आमच्याकडे डोली खाली उतरते ती आजाऱ्याला किंवा अडलेल्या बाईला घेऊन. जो बरा होतो तो आपल्या पायांनी चढून येतो. डोली वर चढते ती एकाच कामासाठी, खाली दवाखान्यात मेलेल्या माणसाला मातीला आणायला. आमच्या अंगणातून सगळी वाट दिसते, आणि लढाई सुरू झाल्यापासून आई त्या वाटेकडे बघत बसलेली.

"कुणी पुढं जाऊन तिला सांगेल की, जिवंत हाय म्हणून," चुलते म्हणाले.

"आणि तिला खरं वाटंल?"

चुलत्यांनी घोंगडी गुंडाळायला घेतली. आमच्याकडे माणूस गेला तरी घरी आधी 'जरा बरं नाय, चला' एवढंच सांगतात. तसं सांगायला ते स्वतःच किती घरी गेले होते.

मग मी पायथ्याच्याच गावात एका नातेवाइकाच्या पडवीत राहिलो. रोज थोडा चढ चढून बघायचो आणि घसरत परत यायचो. आई वर, मी खाली. तिचे गुडघे उतरू देत नव्हते, माझा चढू देत नव्हता. निरोप जात होते, पण ती प्रत्येकाला एकच विचारायची, "मग येत का नाय?" ती मला मेलेला धरून चालली होती, हे मला निरोप्यांच्या तोंडाकडे बघून कळायचं. त्या दिवसांत मी फार वाईट बोललो लोकांना.

शेवटी चुलत्यांनीच घोडा आणला. महाबळेश्वरला प्रवासी फिरवून म्हातारा झालेला, आता महाड-पोलादपूरकडे लग्नात नवरदेव मिरवणारा पांढरा घोडा. कपाळावर गोंडे तसेच होते. "लढाई सरली आणि वरातीमागून घोडं आलं," त्याचा मालक हसत म्हणाला. मी हसलो नाही. खरं सांगायचं तर मला घोड्याची भीती वाटत होती. जवळ गेलो, घामाचा वास आला आणि दोन पावलं मागे सरलो. फौजेत डाव्या बाजूने बसायची शिस्त, पण माझा डावा पाय रिकिबीत वाकणार कसा? दगडावर उभा राहून उजव्या बाजूने चढलो. तो बिचारा नवशिक्या नवरदेवांना सरावलेला, जागचा हलला नाही.

मालक लगाम धरून पुढे चालला. स्वाराचा लगाम दुसऱ्याने धरायचा म्हणजे काय, हे पायदळाला कळणार नाही. पण निम्म्या चढापर्यंत मी धरू दिला. शेवटच्या वळणावर म्हटलं, "द्या इकडं." त्याने दिला.

आई अंगणाच्या कडेला उभी होती. उतरताना चुलत्यांनी धरलं. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. रडली नाही. मग तांब्यात उरलेलं पाणी घेऊन ती घोड्याकडे वळली आणि त्याच्या चारही खुरांवर घातलं.

"ह्योच ना रे तो?" तिने विचारलं.

माझा घोडा तांबडा होता, आणि वाळूत राहिला होता. एरवी तोंड न मिटणारा मालक खाली बघत दोर गुंडाळत बसला.

"हां आये, ह्योच."

घोड्याच्या पुढच्या गुडघ्यावर जुना वण होता, घाटात कधीतरी पडल्याचा. तिला तो दिसला. वाकून तिने त्यावर हात ठेवला. "हितं लागलं व्हय तुला? आणि तरी माझ्या पोराला आणलास?"

घरातून नाचणीची अख्खी भाकरी आणून तिने त्याला हाताने भरवली. तो खात होता, आणि मी काठी टाकून पायरीवर बसलो आणि पोटभर रडलो. आईला वाटलं, पाय दुखतोय.