कर्स्टनबाईंनी न वाचलेलं पान

मंत्र्यांच्या ऑफिसात काम केलं की किस्से साचतातच. फायली रीतसर अर्काइव्हला जातात, किस्से मात्र आपल्याबरोबर घरी येतात. वेलिंग्टनला मी पाच वर्षं कर्स्टनबाईंची सल्लागार होते. वृद्धांच्या देखभालीचं खातं त्यांच्याकडे होतं. मराठी मंडळी भेटली की विचारतात, "तुझ्या त्या मंत्रीणबाई नक्की कशा होत्या गं?" मग मी सांगत बसते.

* * *

पहिल्या दिवशी मी सवयीनं "येस, मॅडम" म्हटलं. त्यांनी मागे वळून बघितलं. "कोण आलंय?"

इकडे मंत्र्यालाही नावानंच हाक मारतात. मला ते तोंडी बसायला महिना लागला. मनात अजून बसलेलं नाही.

* * *

बाईंचे आजोबा डेन्मार्कहून आलेले, म्हणून पत्रकार बाईंना 'व्हायकिंग' म्हणायचे.

"आजोबा डेअरी फॅक्टरीत लोणी काढायचे," त्या म्हणायच्या. "तलवार कुठून आणू?"

* * *

एकदा एका रेस्ट होममध्ये, म्हणजे इकडच्या वृद्धाश्रमात, एका आजींनी तक्रार केली, चहा गार येतो. असल्या तक्रारी आम्ही हसून टिपून घेतो आणि विसरतो. पंधरा दिवसांनी बाईंनी स्वतः फोन लावला. मॅनेजरला वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. त्यानं ठेवून दिला. त्यांनी परत लावला.

"मी खरंच मंत्री आहे. चहा गरम मिळतो का आता?"

त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्याला म्हटलं, या बाईसाठी मी काय वाट्टेल ते करीन.

* * *

मग बाईंचं नाव झालं. आणखी मोठ्या पदासाठी चर्चा सुरू झाली. पूर्वी त्या वीस पानी टिपण वाचून मार्जिनमध्ये माझ्याशी भांडायच्या. पुढे म्हणाल्या, "दोन पानं कर." मग, "एकच कर." शेवटी एअरपोर्टच्या वाटेवर, गाडीत, "तूच सांग ना, सही कुठे करू?"

मीही बोट ठेवून दाखवत गेले. हे मी सहसा कुणाला सांगत नाही.

* * *

दक्षिणेकडचं एक रेस्ट होम बंद करायचं होतं. टिपणात मी लिहिलं : भर हिवाळ्यात या माणसांना हलवू नका, जिवावर बेतेल. गाडीत तोंडीही सांगितलं. त्या फोनमध्ये बघत होत्या. "हं," म्हणाल्या आणि सही केली.

हलवल्यावर महिन्याभरात तिघं गेली.

सभागृहात त्या म्हणाल्या, "मला कोणीही सावध केलं नव्हतं." खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

* * *

पत्रकारांनी कागद मागितले. बाईंचा राजकीय सहायक ग्रॅहम माझ्या टेबलाशी आला. "ते पान सापडलंच पाहिजे असं काही नाही."

"सापडलंय," मी म्हटलं.

पान घेऊन मी बाईंकडे गेले. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं. तळाशी स्वतःची सही बघितली.

"पाठवून दे," म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी राजीनामा दिला.

* * *

यंदा रविवारच्या भाजीबाजारात त्या दिसल्या. सोबत नव्वदीच्या आई, वॉकर धरून.

"आई, ही वैजयंती. माझ्या ऑफिसात होती. हिनं मला वेळेवर सांगितलं होतं."

आईंनी मला नीट न्याहाळलं. मग लेकीकडे वळल्या.

"मग?"

कर्स्टनबाई फ्लॉवर निवडत राहिल्या.